दगडाला दगड कोण धरतो?
(देवळांच्या सांध्यांचा इतिहास आणि त्यामागचे शास्त्र)

जीर्णोद्धार झालेल्या देवळात शिरताना भाविकाची दृष्टी प्रथम कळसाकडे जाते, मग द्वारशाखेवरील नक्षीकडे आणि शेवटी गाभाऱ्यातील मूर्तीवर स्थिरावते. दोन दगडांमधल्या काळ्या बारीक रेषेकडे सहसा कोणी पाहत नाही. पण देऊळ उभे असते ते त्या रेषेच्या बळावर. ती रेषा म्हणजे सांधा. सांधा सरकला तर भिंत सरकते आणि भिंत सरकली तर कळसही राहत नाही. म्हणून दगडाला दगड कोण धरतो, हा प्रश्न जीर्णोद्धाराच्या प्रसंगी गावकऱ्यांनी आवर्जून विचारावा असा आहे. या प्रश्नाच्या उत्तराला सुमारे नऊशे वर्षांचा अनुभव आणि तीनशे वर्षांचे शास्त्र, असा दुहेरी इतिहास आहे.

चुन्याविना उभी राहिलेली देवळे

महाराष्ट्रात जुन्या दगडी देवळाला लोक सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याने कारभार पाहिला. परंतु ही बांधणी त्याच्याही आधीची आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे, असे तेथील शिलालेखावरून ठरते. ते शिलाहारांच्या राजवटीतले असून हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे आहे. हेमाडपंताचे नाव पुढे अशा सर्वच देवळांना चिकटले, इतकेच.

या बांधणीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे दगड दगडावर कोरडाच बसवलेला असतो. मध्ये चुना नाही, माती नाही. पाथरवटाने दगडाची बैठक टाकीने इतकी नेमकी घडवायची की वरचा दगड खालच्यावर डुगडुगता कामा नये. गरज पडेल तेथे एका दगडाला उंचवटा आणि दुसऱ्याला खोबण ठेवून दोघांना एकमेकांत अडकवायचे. खांबावर तुळई, तुळईवर छत, अशी सारी रचना भार सरळ खाली नेणारी. छताच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून मधली मोकळी जागा थरागणिक लहान करत आणायची. प्रत्येक दगडाचे तोंड पुढे आलेले, पण शेपटीवर वरच्या दगडांचा भार. कमानीसारखा बाहेर रेटा देणारा भाग या रचनेत जवळजवळ नसतो.

मग या दगडांना जागच्या जागी धरतो कोण? पाथरवटाने याचे उत्तर कागदावर लिहून ठेवले नाही. ते त्याच्या हातात होते. उत्तर दोन शब्दांचे आहे : भार आणि घर्षण. वरच्या दगडाचे वजन खालच्यावर बसते आणि त्या दाबामुळे दोन्ही दगडांचे खडबडीत पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरतात. ज्या वजनाची आपल्याला भीती वाटते, तेच वजन देवळाला धरून असते.

फळीवरचा प्रयोग

ही गोष्ट समजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक घडीव, सपाट दगड घ्यावा, त्यावर दुसरा तसाच लहान दगड ठेवावा आणि खालच्या दगडाची एक बाजू हळूहळू उचलत न्यावी. बराच वेळ वरचा दगड हलत नाही. उतार एका ठराविक कोनाला पोचला की तो एकदम घसरतो. आपल्याकडील काळ्या दगडाच्या साध्या, कोरड्या, न घोटलेल्या पृष्ठभागासाठी हा कोन साधारण ३५ अंशांच्या आसपास येतो. ३५ अंशांचा अर्थ असा की सपाट सांध्यावर १०० किलोचा भार असेल तर त्या सांध्यावरून दगड सरकवायला सुमारे ७० किलोचा आडवा जोर लागेल. या ०.७ च्या प्रमाणाला घर्षणांक म्हणतात. वरचा दगड दुप्पट जड घेतला तरी कोन तोच राहतो, कारण भार दुप्पट झाला की घर्षणही दुप्पट होते.

हा नियम युरोपात प्रथम लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत टिपला होता. पण त्या वह्या त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. पुढे १६९९ साली गिय्योम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तो पुन्हा मांडला. घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते आणि सांधा रुंद की अरुंद यावर ते अवलंबून नसते, हे त्याचे दोन निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष ऐकून त्या काळीही लोक चकित झाले. गवंड्यालाही तो चमत्कारिक वाटेल. पण रुंद बैठकीचा उपयोग वेगळा असतो. तिने दगड चुरडत नाही आणि भिंत कलंडत नाही. सरकणे रोखायचे काम मात्र भाराचे.

कूलोंबचा भिंतीचा हिशेब

शाळेतील मुलांना कूलोंब हे नाव विद्युतभाराचे एकक म्हणून माहीत असते. हा शार्ल कूलोंब मुळात लष्करी अभियंता होता. वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर त्याने आठ वर्षे किल्ल्याच्या बांधकामावर काढली. दगड, माती, भिंती आणि मजूर यांच्यात वावरताना पडलेले प्रश्न घेऊन तो मायदेशी परतला आणि १७७३ साली त्याने अकादमीपुढे एक निबंध वाचला. तो १७७६ साली छापला गेला. भिंत, कमान, खांब आणि मातीचा रेटा या सर्वांचा हिशेब त्यात एकाच सूत्रात आणलेला होता.

कूलोंबचे सूत्र सोपे आहे. सांधा सरकू नये म्हणून दोन शक्ती काम करतात. पहिली चिकटपणाची, ती मसाल्याची असते आणि सांध्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे मिळते. दुसरी घर्षणाची, ती भाराप्रमाणे मिळते. दोहोंची बेरीज म्हणजे सांध्याची ताकद. आजही जगभरचे अभियंते भिंतीचा हिशेब याच बेरजेने करतात. भारतीय मानक १९०५ च्या १९८७ च्या आवृत्तीत चांगल्या मसाल्याच्या भिंतीसाठी दिलेले सूत्र याच घडणीचे आहे : मसाल्याचा ठराविक हिस्सा, अधिक भिंतीवरील दाबाचा सहावा भाग. प्रत्यक्षातील घर्षण सहाव्या भागापेक्षा पुष्कळ जास्त असते. पण सुरक्षिततेसाठी हात राखूनच हिशेब धरायचा असतो.

कोरड्या देवळाला हे सूत्र लावले तर पहिली रक्कम शून्य होते. उरते ते घर्षण. काळ्या दगडाचे वजन घनमीटरला सुमारे २.८ टन. पाच मीटर उंच भिंतीच्या तळच्या सांध्यावर दर चौरस मीटरला सुमारे १४ टन भार येतो. घर्षणांक हात राखून ०.६५ धरला तरी तो सांधा दर चौरस मीटरला ९ टनांचा आडवा जोर पेलतो. आता भिंतीच्या अगदी वर, केवळ ३० सेंटिमीटरच्या एका थराखालचा सांधा पाहा. तेथे भार जेमतेम पाऊण-एक टन. आणि आडवा जोर पेलण्याची ताकद अर्ध्या टनाच्या आसपास. देवळाचा वरचा भाग प्रथम का विस्कटतो, पिंपळाचे रोप शिखरावर रुजले की दगड का ढळतात आणि तेच रोप जोत्याशी उगवले तर तळच्या थरांना त्या मानाने उशिरा धोका का होतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मुळाचा रेटा दोन्हीकडे सारखाच. पण वर त्याला अडवणारे ओझे नसते.

कोयनेचा हादरा

भूकंपात हाच हिशेब क्षणभरात पणाला लागतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली किंवा मोडकळीस आली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागाला आडव्या भेगा गेल्या. धरण मात्र फुटले नाही आणि पुढे ते मजबूत करण्यात आले. धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या पहाटेचा हादरा नोंदवून ठेवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता, तर उभ्या दिशेने ०.३४ पट.

या आकड्यांचा अर्थ देवळाच्या भाषेत असा. ०.६३ चा धक्का म्हणजे प्रत्येक दगडाला त्याच्या वजनाच्या ६३ टक्के जोराने आडवे ढकलणे. कोरड्या सांध्याची पकड वजनाच्या ६५ ते ७० टक्के. म्हणजे दोघांत अंतर एका बोटाचे! त्यातच उभा धक्का वरच्या दिशेने बसला की त्या क्षणापुरते दगडाचे वजन कमी होते आणि पकड ढिली पडते. पण असा धक्का सेकंदाच्या अल्पांशापुरता असतो. दगड बोटभर सरकतो आणि पुन्हा बसतो. भिंतीत सरळ आणि नीट घडवलेल्या बैठका असतील तर ती थोडी विस्कटते, पण सरकताना हादऱ्याची बरीच ताकद घर्षणातच जिरवते. बैठका वेड्यावाकड्या असतील तर सरकणारा दगड परत बसत नाही. तो बाहेर पडतो.

किल्लारी : दगड तोच, सांधा निराळा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरील किल्लारी परिसर हादरला. बावन्न गावे उद्ध्वस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे झोपेतच गेली. त्यांना मारले ते जमिनीने नव्हे, घराच्या भिंतींनी.

त्या भिंती कशा होत्या? दगड तोच, आपला काळा दगड. जाडी भरपूर, दोन फुटांपासून तीन फुटांच्याही वर. गावात जाड भिंतीचे घर म्हणजे भक्कम घर, अशीच समजूत होती. परंतु त्या एका भिंतीच्या पोटात खरे तर दोन भिंती असत : एक बाहेरची, एक आतली, आणि मध्ये दगडगोटे, कपच्या व माती. दोन्ही कातड्यांना जोडणारा आरपार दगड क्वचितच. गोटे गोल, त्यांना बैठक नाही. सांध्यात माती, तिचा चिकटपणा नाममात्र, आणि ती ओली झाली की घर्षणही दगडाच्या मानाने फार कमी. शिवाय माळवदाचा मातीचा प्रचंड भार पुष्कळ घरांत भिंतींवर नसून लाकडी खणांवर असे. म्हणजे सांधे दाबून धरण्यासाठी जे वजन उपयोगी पडले असते, ते भिंतीवर नव्हतेच. डोक्यावर मात्र होते. हादरा बसताच भिंतीच्या दोन्ही कातड्या फुगून सुट्या झाल्या आणि ढासळल्या. ज्या घरांचे लाकडी खण शाबूत आणि नीट जोडलेले होते, त्यांपैकी अनेक घरांत भिंती पडूनही माळवद उभे राहिले.

कूलोंबच्या सूत्रात ही घरे घालून पाहिली तर चिकटपणा नाही, घर्षण थोडे आणि भारही थोडा. भिंतीच्या जाडीने यातले काहीही वाढत नाही. भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामात अभियंत्यांनी उभ्या राहिलेल्या भिंतींत ठिकठिकाणी आरपार भोके पाडून, त्यांत वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही कातड्या जोडण्याची पद्धत शिकवली. जुन्या पाथरवटाचा आरपार दगड त्या भिंतीत नव्हता; त्याची उणीव अशी भरून काढावी लागली. हजारो जीव गेल्यावर हा धडा सर्वांच्या लक्षात आला, ही खेदाची गोष्ट होय.

सांध्याचे नमुने

कूलोंबच्या सूत्रात एक त्रुटी होती. त्याने सांधा सपाट धरला. खरा सांधा दातेरी असतो. १९६६ साली पॅटन या संशोधकाने करवतीच्या दातांसारखे सांधे मुद्दाम तयार करून ते एकमेकांवर सरकवून पाहिले. भार थोडा असेल तर वरचा दात खालच्या दातावर चढतो. सरकताना सांधा उघडतो आणि वरचा दगड किंचित उचलला जातो. भार फार असेल तर दात चढत नाहीत, ते तुटतात. एकदा दात तुटले की पकड उतरते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

पुढे बार्टन यांनी १९७३ साली, आणि नंतर चौबे या सहकाऱ्यासह १९७७ साली, खडबडीतपणाला अंक दिले : अगदी गुळगुळीत सांध्याला शून्य, तर अत्यंत खडबडीत सांध्याला वीस. दगड ओला आहे की कोरडा, ताजा आहे की झिजलेला, याचाही त्यांनी हिशेब केला. त्यांचे काम डोंगरातील खडकांच्या भेगांवरचे, पण देवळाच्या दगडालाही ते लागू पडते. काळा दगड ओला झाला की त्याची पकड काही अंशांनी घटते, असे त्यातून दिसते. पावसाळ्यात गळणारे शिखर धोक्याचे का, याला शास्त्राचा हा दुजोरा होय.

१९७१ साली कंडॉल यांनी आणखी एक पाऊल टाकले. भिंत हा एकसंध पदार्थ न मानता प्रत्येक दगड सुटा मानायचा, प्रत्येक सांध्याला त्याचे घर्षण द्यायचे आणि सारे दगड संगणकात रचून त्यांना हादरा द्यायचा, अशी ती पद्धत. आज जगातील जुनी देवळे, चर्चे आणि पूल यांची परीक्षा याच मार्गाने करता येते. कोणता दगड आधी सरकेल, कोणता कोपरा उघडेल, हे प्रत्यक्ष दगडाला हात न लावता पाहता येते. मात्र संगणकाला सांध्याची खरी माहिती पुरवावी लागते, आणि ती देणारा माणूस शेवटी सांध्यात सुरी घालून पाहणारा गवंडीच असतो.

या साऱ्यात इंग्लंडच्या जॅक हेमन यांचे १९६६ सालचे मत लक्षात ठेवण्याजोगे आहे. जुन्या दगडी इमारतींचा हिशेब करताना सांधे सरकत नाहीत असे धरून चालावे, असे त्यांनी सांगितले. कारण नेहमीच्या परिस्थितीत घर्षण पुरून उरते. जुन्या पाथरवटांनीही नेमके हेच गृहीत धरले होते. फरक एवढाच की ते गृहीत खरे ठरावे म्हणून त्यांनी प्रत्येक बैठक हाताने घडवली.

जीर्णोद्धार करताना

या इतिहासातून जीर्णोद्धारासाठी काही गोष्टी सरळ निघतात. पहिली : वरचा भार विनाकारण काढू नये. शिखराचे दगड उतरवताना खालच्या सांध्यांवरील दाब कमी होतो आणि ते मोकळे होतात. म्हणून आधी आधार, मग उतरवणे. आणि प्रत्येक दगडावर क्रमांक, म्हणजे तो स्वतःच्याच बैठकीवर परत जाईल. दुसऱ्याच्या बैठकीवर दगड कधीच तसा बसत नाही.

दुसरी : बैठका घोटून गुळगुळीत करू नयेत. दर्शनी बाजू हवी तितकी सुबक करावी. पण दगड जेथे दगडावर टेकतो तेथे टाकीच्या खुणा राहू द्याव्यात.

तिसरी : कोरड्या सांध्यांच्या दर्जा सिमेंटने भरण्याचा मोह टाळावा. सिमेंट कडक असते. ते कडेला भरले की भार मधल्या बैठकीऐवजी कडेवर येतो आणि दगडाची कपची उडते. शिवाय आत शिरलेले पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. भरणे अगदी आवश्यकच असेल तर चुना बरा. तो दगडापेक्षा मऊ असतो आणि स्वतः झिजून दगडाला वाचवतो.

चौथी : लोखंडाबाबत सावध असावे. याचे मोठे उदाहरण ग्रीसमधील अथेन्सचे आहे. तेथील पार्थेनॉन हे संगमरवरी देऊळ ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळात, कोरड्या सांध्यांचे, बांधले गेले. त्या लोकांनी दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या शिशाने वेढून बसवल्या होत्या, म्हणून त्या शतकानुशतके टिकल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दुरुस्तीत घातलेल्या लोखंडाला शिशाचे कवच नव्हते. ते गंजले, फुगले आणि त्याने संगमरवर फोडला. पुढच्या पिढीला ते सारे लोखंड काढून त्या जागी टायटॅनियमच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. जे भूकंपांनी आणि काळाने फोडले नव्हते, ते दुरुस्तीनेच फोडले. भक्तीने केलेले कामही समजून केले नाही तर असे उलटते.

पाचवी आणि सर्वांत स्वस्त : पाणी आणि झाडे. शिखरावरील रोप बोटभर असतानाच काढावे आणि पन्हळी दर पावसाळ्याआधी मोकळ्या कराव्यात. ज्या सांध्यात पाणी आणि माती साचत नाही, त्या सांध्याची पकड टिकते.

देवळाच्या देणगीदारांची नावे शिलेवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. ज्या पाथरवटांनी प्रत्येक बैठक टाकीने घडवली, त्यांची नावे बहुधा कोठेच सापडत नाहीत. त्यांची सही सांध्यात आहे. दोन दगडांच्या मध्ये, कोणाला दिसणार नाही अशा जागी. तो सांधा पुढच्या पिढीच्या हाती आहे तसा, किंवा आहे त्याहून बरा सोपवणे, हीच त्या अनामिक हातांची खरी परतफेड होय.